चौकटीत उभा केलेला माणूस

विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 या साली लंडनहून दोन भारदस्त खंड प्रसिद्ध केले. मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत ये-जा करणाऱ्या नाना जातीजमातींची छायाचित्रं त्यांत होती. पहिला खंड गुजरात, कच्छ आणि काठेवाडातल्या मंडळींचा, दुसरा मराठी मुलखातल्या माणसांचा. पगडी-उपरणं घातलेले पुरुष, लुगडं नेसलेल्या बायका, आणि त्यांच्यामागे मुंबई परिसरातलं एखादं दृश्य. चित्र पहिल्या नजरेला सुरेख वाटतं. मग डोळा थोडा रेंगाळला की खटकायला लागतं. आकृतीची कड फार धारदार आहे, पायाखालची जमीन तिच्याशी जुळत नाही, माणूस त्या जागी उभा आहे असं काही केल्या पटत नाही. कारण तो तिथे उभा राहिलेलाच नव्हता. माणसांचे फोटो स्टुडिओत काढले गेले, त्यांच्या आकृत्या कापून निराळ्या निगेटिव्हवर टिपलेल्या दृश्यात बसवल्या गेल्या आणि त्या जोडकामाची छपाई झाली.

हे जोडकाम आज संगणकावर करायला काही क्षण लागतात. तेव्हा त्यासाठी केवढी हस्तकला लागली असेल! पण ते का करावं लागलं, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. मुंबईचा माणूस मुंबईतच होता, मुंबईच्या इमारतीही तिथेच होत्या. तरी दोघांना एका चौकटीत आणायला कात्री लागली.

प्रवासात काढलेल्या छायाचित्रांचे तीन ठरलेले विषय आहेत: माणसं, जुन्या वास्तू आणि निसर्ग. स्पर्धांचे विभाग असेच असतात, कॅलेंडरं अशीच निघतात, सहलीहून परतलेला माणूसही फोटो याच तीन ढिगांत लावतो. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणी केली, हे विचारायचं सुचत नाही. आपल्या देशात ती साधारण 1855 ते 1905 या पन्नास वर्षांत पक्की झाली. काही अंशी ती यंत्राच्या मर्यादेमुळे झाली, काही सरकारच्या मागणीमुळे, काही गिऱ्हाइकाच्या आवडीमुळे. त्या पन्नास वर्षांची ही ओळख आहे, आणि ती मुख्यतः पश्चिम भारताच्या बाजूने करून दिली आहे. कारण त्या काचांवर उमटलेले डोंगर, घाट, लेणी आणि चेहरे मराठी वाचकाच्या घरचे आहेत.

पॅरिसमध्ये 1839 च्या ऑगस्टमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. पंधरा वर्षांत, 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सुरुवातीच्या मंडळींतलं ठळक नाव. एल्फिन्स्टन संस्थेत 1855 मध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यात हिंदी विद्यार्थी शिकले. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. कॅमेऱ्यामागे साहेब आणि समोर नेटिव्ह असं चित्र मनात बसलेलं असतं, ते निदान मुंबईपुरतं पहिल्या दिवसापासून अपुरं आहे.

सरकारला मात्र कॅमेरा हवा होता तो काटकसरीसाठी. जुन्या इमारतींची चित्रं काढायला चित्रकार आणि नकाशानवीस ठेवायचे, त्यांना महिनोन्‌महिने पगार द्यायचा, एवढं करून नक्षी बरोबर उतरेल याची खात्री नाही. त्यापेक्षा फोटो स्वस्त आणि बिनचूक, असं ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचं मत पडलं. 1855 मध्ये मुंबई इलाख्यात कॅप्टन थॉमस बिग्ज यांना या कामावर नेमलं गेलं. विजापूर, बदामी, ऐहोळे अशी त्यांची फिरती झाली. वर्ष संपता संपता त्यांना पलटणीत परत बोलावलं आणि वैद्यकीय खात्यातले डॉ. विल्यम पिगू त्यांच्या जागी आले. या दोघांच्या आणि इतरांच्या फोटोंचे भव्य ग्रंथ 1866 मध्ये लंडनला निघाले. अहमदाबादच्या ग्रंथाला आश्रय होता मुंबईच्या प्रेमचंद रायचंद यांचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या पैशाचा एक हिस्सा असा सुलतानी मशिदींच्या नक्षीपर्यंत पोचला. ग्रंथ छापून येईपर्यंत शेअरबाजाराचा फुगा फुटून मुंबईतली कितीतरी घराणी बुडाली होती. फोटो राहिले.

हे फोटो निघत कसे, ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 मध्ये ओल्या काचेची पद्धत शोधली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं तिचंच राज्य होतं. कॅमेऱ्याशेजारी एक काळोखा तंबू ठोकायचा. आत काच स्वच्छ पुसायची आणि तिच्यावर कलोडियन ओतायचं. कलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला स्फोटक कापूस, मधासारखा ओघळणारा. काच चारही कोपऱ्यांकडे कलती करत तो थर सगळीकडे सारखा पसरवायचा, जास्तीचा द्रव एका कोपऱ्यातून बाटलीत परत ओतायचा, मग काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आता ती प्रकाशाला जागी झाली. तिला झाकणबंद खोक्यात घालून कॅमेऱ्यापर्यंत धावायचं, भिंगावरची टोपी काढायची, सेकंद मोजायचे, टोपी लावायची, पुन्हा तंबूत धावायचं आणि काच वाळायच्या आत चित्र फुलवून धुवायचं. थंड देशात यासाठी दहाएक मिनिटं मिळत. दख्खनच्या एप्रिलमध्ये ईथर डोळ्यांदेखत उडून जाई. बंद तंबूतला तो उग्र वास, बोटांवरचे काळे डाग, धुण्यासाठी लागणारं बादल्याच्या बादल्या पाणी, आणि ते पाणी पुष्कळदा किल्ल्याखालच्या विहिरीवरून वर वाहून आणलेलं. त्यात फोटो मोठा करायची सोय नव्हती. जेवढी काच तेवढाच कागदावर ठसा, म्हणून मोठ्या चित्रासाठी मोठी काच. काचांच्या पेट्याच माणसांच्या पाठी मोडायला पुरेशा असत.

या सगळ्याचा परिणाम चित्रात काय दिसणार, यावर झाला. काचेला निळा रंग फार लवकर दिसे आणि लाल-पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे त्या काळच्या फोटोंतलं आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं असतं, पावसाळी ढगांच्या मुलखातसुद्धा. हलणारी वस्तू पुसली जाई. चाललेला माणूस नाहीसा होई, थबकून निघालेला माणूस धुरकट डाग होऊन राही, वाऱ्यावरचं झाड लोकरीचा गुंडा दिसे. दगड तेवढा हलत नसे. म्हणून दगडाचे फोटो उत्तम आले. विजापूरच्या भर बाजारपेठेच्या शहरातल्या इमारती ओस पडल्यासारख्या दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. पुढे इतिहासाच्या पुस्तकांतून तीच चित्रं फिरली आणि ही स्मारकं म्हणजे माणसांनी टाकून दिलेले अवशेष, असा समज कायम झाला. देवळात पूजा चालू होती, मशिदीत नमाज होत होता, ओवऱ्यांत बाजार भरत होता. काचेला ते पकडता आलं नाही.

मग जो माणूस चित्रात टिकला, तो कोण? ज्याला हलू नकोस म्हणून सांगितलं तो. त्या काळातल्या वास्तूंच्या फोटोंत खांबापाशी, कमानीखाली, नंदीच्या बाजूला कुणीतरी एकटा उभा किंवा बसलेला आढळतो. तो बहुधा लवाजम्यातला हमाल, शिपाई किंवा गावचा रखवालदार असणार. त्याचं काम एकच: इमारत किती उंच आहे याचा पाहणाऱ्याला अंदाज यावा. गोल घुमटासारख्या वास्तूच्या पायाशी माणूस नसेल तर त्या घुमटाचा व्यास चव्वेचाळीस मीटर आहे हे डोळ्याला कळतच नाही. पुरातत्त्वातली माणसं आज याच कामासाठी पट्टे मारलेली काठी उभी करतात. तेव्हा माणूस उभा केला. फोटोखाली इमारतीचं नाव आहे, शतक आहे, राजा आहे, दिशा आहे. त्याचं नाव कुठेही नाही. या विषयाकडे पाहताना सगळ्यात आधी डोळे जायला हवेत ते त्याच्याकडे.

मद्रास इलाख्यात लिनियस ट्राइप नावाच्या अधिकाऱ्याने दगडापुढे अशी काही चिकाटी दाखवली की थक्क व्हावं. तंजावरच्या बृहदीश्वराच्या विमानाभोवती पायथ्यालगत तमिळ शिलालेख कोरलेले आहेत. 1858 मध्ये ट्राइपने कॅमेरा थोडा थोडा सरकवत त्या लेखांचे फोटो घेतले आणि एकवीस ठसे शेजारी शेजारी जोडून एकोणीस फूट लांबीची पट्टी तयार केली. कॅमेऱ्याने वाचायची इमारत! हाच ट्राइप कोऱ्या आभाळाने मात्र अस्वस्थ होई. निगेटिव्हवर तो हाताने रंग भरून ढग घाली. शिलालेखाच्या एकाही अक्षराला धक्का लागू न देणारा माणूस आभाळाच्या बाबतीत एवढी मोकळीक घेतो, यात विसंगती शोधायचं कारण नाही. दगड त्याला पुरावा म्हणून हवा होता, निसर्ग चित्र म्हणून.

अजिंठ्याचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. मेजर रॉबर्ट गिल मराठी वाचकाला ठाऊक आहे तो त्याची सहचरी पारो हिच्यामुळे, आणि ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे. पारोचा मृत्यू 1856 चा, तिची कबर अजिंठा गावात आहे. पण गिलचं कामही तेवढ्याच जिव्हाळ्याने समजून घेण्यासारखं आहे. मद्रासच्या फौजेतल्या या चित्रकाराला कंपनीने 1844 मध्ये लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला धाडलं. अजिंठा गावातल्या बारादरीत मुक्काम, तिथून लेण्यांपर्यंत घोड्यावर, आणि काळोख्या विहारांत वर्षानुवर्षं तैलरंगात काम. त्या मोठमोठ्या नकला इंग्लंडला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि 1866 च्या डिसेंबरमधल्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. दोन दशकांची मेहनत एका रात्रीत गेली.

दरम्यान गिल कॅमेऱ्याकडे वळला होता. त्याचा कॅमेरा दुहेरी भिंगाचा. डोळ्यांच्या अंतराएवढ्या फरकाने दोन फोटो निघत, ते खास जोडभिंगांतून पाहिले की चित्राला खोली येई. 1864 मध्ये वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह त्याचे दोन संग्रह निघाले, एक कोरीव लेण्यांचा आणि दुसरा पश्चिम भारतातल्या वास्तू आणि निसर्ग यांचा. दुसऱ्यात लेण्यांच्या जोडीने शिकार केलेली जनावरंही आहेत. लेण्यासाठी ही दुहेरी पद्धत अगदी योग्य होती. लेणं बाहेरून आत कोरलेलं असतं. त्याची सगळी जादू खोलीत आहे. साध्या फोटोत चैत्यगृहाची कमान सपाट पडते. दुहेरी फोटोत खांबांच्या रांगा मागे मागे सरकत जाऊन स्तूपापाशी थांबतात.

चित्रं मात्र कॅमेऱ्याला मिळालीच नाहीत. आतला काळोख, आणि त्यात अजिंठ्याचा रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती. लाल-पिवळ्याला आंधळी असलेली काच त्यांच्यापुढे हतबल होती. म्हणून गिलनंतरही हातानेच नकला करणं चालू राहिलं. 1872 पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे हिंदी विद्यार्थी तेच काम करत होते, आणि त्यांच्याही पुष्कळ नकला लंडनमध्ये 1885 च्या आगीत गेल्या. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी 1930 पासून चार भागांत अजिंठा छापला, तेव्हा कुठे रंगीत छायाचित्रं ग्रंथरूपात आली. 1991 मध्ये बिनॉय बहल यांनी लेण्यांतल्या मंद उजेडातच, दीर्घ काळ भिंग उघडं ठेवून चित्रं टिपली आणि बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावरचे रंग अनेकांना प्रथमच त्यांच्या मूळ कोवळेपणासह दिसले. आज तिथे फ्लॅश वापरायला बंदी आहे. ती पाळली गेली पाहिजे, कारण दीड हजार वर्षांचा रंग प्रखर उजेडाने विटतो. आणि खरं तर गरजही उरलेली नाही. हातातल्या फोनची रात्रीची दृष्टी गिलच्या कॅमेऱ्याला स्वप्नातही मिळाली नसती.

निसर्गाच्या बाजूला या काळातलं सगळ्यात मोठं नाव सॅम्युएल बोर्न. नॉटिंगहॅमच्या बँकेतली कारकुनी सोडून तो 1863 मध्ये हिंदुस्थानात आला आणि 1866 पर्यंत त्याने हिमालयात तीन मोठे दौरे केले. दुसरा, काश्मीरचा दौरा दहा महिन्यांचा होता आणि त्यात बेचाळीस हमाल होते. तिसऱ्या दौऱ्यात मणिरंग खिंडीत, त्याच्या हिशेबाने 18,600 फुटांवर, त्याने काचा ओल्या केल्या, उघडल्या आणि धुतल्या. एवढ्या उंचीवर याआधी कुणी फोटो काढलेला नव्हता, आणि पुढे वीसेक वर्षं तो विक्रम टिकला. प्रत्येक टिपणातली सफाई अशी की बर्फाची धार आणि खडकाचा पोत बोटाने चाचपावा.

बोर्नने लिहिलेले प्रवासवृत्तान्त ब्रिटनच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात छापून येत. ते वाचले की त्याचा डोळा कुठे घडला हे समजतं. हिमालयाच्या प्रचंडपणाने तो दिपला, पण त्याला चित्रासारखी मांडणी हवी होती: पुढे झाड, मध्ये पाणी, मागे डोंगर. सतलजच्या खोऱ्यात ती मिळेना म्हणून तो कुरकुरतो. काश्मीरमध्ये तळी आणि चिनार भेटतात तेव्हा त्याची लेखणी खुलते. म्हणजे इंग्लंडमधल्या निसर्गचित्रांचा साचा घेऊन तो हिमालयात हिंडत होता आणि जिथे साचा बसला तिथे कॅमेरा लावत होता. आज पर्यटन महामंडळांच्या भित्तिपत्रकांवर दाल सरोवर ज्या कोनातून दिसतं, तो कोन बराचसा त्या काळात ठरला.

त्याच वृत्तान्तांत हमालही आहेत. पेट्या टाकून पळून जाणारे, थंडीने गारठलेले, आणि खुद्द बोर्नने काठीने बडवलेले. ही मारहाण त्याने लपवलेली नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नाही. गावातून सक्तीने धरून आणलेली माणसं, पाठीवर काचा आणि रसायनं, पायांत गवताच्या वहाणा. 18,600 फुटांवरचा तो फोटो कुणाचा, याचं उत्तर ग्रंथालयांच्या सूचीत एका नावाने दिलेलं असतं. त्या सूचीत दुसरी माहिती भरायला आता साधन नाही, पण चित्र पाहणाऱ्याने ती वजनं लक्षात ठेवली पाहिजेत.

सह्याद्रीतही याच दशकात एक मोठं दृश्य बदलत होतं. बोरघाटातून रेल्वे चढवायचं काम चाललं होतं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने पुढे नेलं. या कामाच्या छायाचित्रांचा संग्रहही तिच्या नावे आहे. पूल, बोगदे, कापलेले कडे. ऐन भरात घाटात 40,000 च्या वर मजूर राबत होते. कॉलरा आणि तापाने त्यांतले किती दगावले याला गणती नाही. 1863 मध्ये घाट खुला झाला. खंडाळ्याच्या दऱ्या ‘सुंदर’ म्हणून पाहायची सवय मुंबईकराला लागली ती या गाडीच्या खिडकीतून. घाटाच्या या फोटोंत माणूस, बांधकाम आणि डोंगर आपोआप एकत्र आले आहेत, कारण तिथे डोंगरच बांधकामाचा माल होता. म्हणूनच कदाचित ते ‘निसर्गचित्र’ म्हणून कुणी भिंतीवर लावले नाहीत.

माणसांचा विभाग सरकारने स्वतंत्र काढला. लॉर्ड कॅनिंगच्या आवडीतून सुरू झालेला आणि 1857 नंतर प्रजेला ‘ओळखण्याच्या’ गरजेतून वाढलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ 1868 ते 1875 या काळात आठ खंडांत निघाला. साडेचारशेच्या वर छायाचित्रं, प्रत्येकाखाली जात किंवा जमात, आणि बाजूच्या मजकुरात ही जात इमानी की चोरटी, याचे बेधडक शेरे. एका माणसाचा चेहरा सबंध जमातीच्या नावाने टांगायचा, ही त्याची रीत. पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याने हजारो कुटुंबांचं आयुष्य नासवलं, त्याच्या मुळाशी असलेली नजर या पानांत स्पष्ट दिसते. पारध्यांच्या आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला आलेला संशय अजून संपलेला नाही, त्यामुळे ही केवळ जुन्या पुस्तकाची गोष्ट राहत नाही.

पण त्या संग्रहातही एक हकीकत निराळी आहे. लेफ्टनंट जेम्स वॉटरहाउस 1861-62 मध्ये मध्य हिंदुस्थानात याच कामावर हिंडत होता. भोपाळला त्याची गाठ सिकंदर बेगमेशी पडली. राज्यकर्ती बाई, पडदा न पाळणारी. तिने कॅमेऱ्यापुढे बसायचं मान्य केलं, आणि मग वेगवेगळे पोशाख करून, आपल्या मर्जीप्रमाणे ती आणि तिच्या घरच्या स्त्रिया बसल्या. इथे साहेब हुकूम करत नव्हता, ताटकळत होता. समोरच्या माणसाकडे सत्ता असली की फोटो कसा बदलतो, हे या चित्रांत कळतं: नजर थेट आहे, खांदे सैल आहेत आणि नाव आहे. त्याच फेरीत वॉटरहाउसने सांचीच्या स्तूपाचे फोटो घेतले. तेव्हा तिथली दोन तोरणं पडलेली होती. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला मेजर कोल यांनी ती पुन्हा उभारली. आज सांचीला जाणाऱ्याला चारही तोरणं जणू दोन हजार वर्षं अशीच उभी असल्यासारखी वाटतात. मधली पडझड ठाऊक आहे ती जुन्या काचांमुळे.

लाला दीनदयाळ यांच्यापाशी आलं की हा प्रवास वेगळ्या वळणाला लागतो. 1844 मध्ये मेरठजवळच्या सरधन्यात जन्म, रुडकीच्या कॉलेजात मोजणीचं शिक्षण आणि 1866 पासून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी. फोटोग्राफी त्यांनी तिथेच हौसेने धरली, आणि तुकोजीराव होळकरांनी ती उचलून धरली. 1882 मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानाचा दौरा झाला, त्यातून सांची, ग्वाल्हेर, खजुराहो अशा स्थळांचा संग्रह 1886 मध्ये निघाला. मोजणी शिकलेल्या माणसाने इमारत कशी पाहावी, याचा तो वस्तुपाठ आहे. उभ्या रेषा उभ्याच, कमानीची खोली सावलीने मोजलेली, आणि कॅमेरा अशा उंचीवर की पायथा आणि कळस दोन्हींना न्याय मिळावा.

पुढे सिकंदराबाद, हैदराबाद आणि 1896 मध्ये मुंबई इथे त्यांचे स्टुडिओ झाले. निजामाने त्यांना राजा हा किताब दिला. हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ होता, त्याची सूत्रं एका इंग्रज बाईंच्या हाती होती. मेजवान्या, शिकारी, पलटणी, व्हाइसरॉयचे दौरे, सगळं त्यांच्या काचेवर आलं. आणि 1899-1900 च्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचे फोटोही. ‘छपन्नाच्या दुष्काळा’चं नाव घरच्या बोलण्यात ऐकलेल्या वाचकाने ते एकदा पाहावेत. ज्या कॅमेऱ्याने जवाहिरांनी मढलेले सरदार टिपले, त्याच कॅमेऱ्याने खडी फोडणारी हाडकुळी माणसं टिपली. दोन्हींकडे बिनचूकपणा सारखाच आहे. 1905 मध्ये दीनदयाळ वारले. त्यांच्या काचांचा मोठा साठा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे.

तोवर यंत्र बदललं होतं. कोरड्या काचा बाजारात तयार मिळू लागल्या, 1888 मध्ये कोडॅक आला, तंबू आणि ईथर इतिहासजमा झाले. गोव्यात पणजीच्या सूझा अँड पॉल यांनी पोर्तुगीज अंमलातल्या चर्चेसचे, रस्त्यांचे आणि माणसांचे संग्रह केले. मग चित्रमय पोस्टकार्डांची लाट आली आणि ताजमहाल, गारुडी, नारळीची झाडं घरोघर पोचली. काच आता हलणाऱ्या माणसालाही पकडू शकत होती. तरी वाटणी मोडली नाही. सवय यंत्रापेक्षा चिवट निघाली.

ती मोडणाऱ्यांमध्ये रघुबीर सिंग यांचं नाव आदराने घ्यावं लागेल. जयपूरचे सिंग (1942–1999) ऐन कृष्णधवल जमान्यात रंगावर विश्वास ठेवून देशभर हिंडले. गंगा, राजस्थान, मुंबई यांवर त्यांची पुस्तकं आहेत. अखेरच्या पुस्तकात त्यांनी अ‍ॅम्बेसेडर गाडी सोबत घेतली: दाराची चौकट, आरसा, काच यांतून एकाच फोटोत रस्ता, देऊळ, डोंगर आणि चार निरनिराळ्या कामांत गुंतलेली चार माणसं. त्यांच्या फोटोत ‘मुख्य विषय’ शोधायला गेलं तर सापडत नाही. भारतातला कुठलाही नाका तसाच असतो.

याउलट स्टीव्ह मॅकरी यांनी 1984 मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत काढलेला अफगाण मुलीचा फोटो. हिरवे डोळे, लाल ओढणी, जगभर गाजलेलं मुखपृष्ठ. शरबत गुला हे तिचं नाव जगाला कळायला 2002 उजाडावं लागलं. सतरा वर्षं ती फक्त ‘अफगाण मुलगी’ होती, म्हणजे ‘द पीपल ऑफ इंडिया’तल्या पद्धतीनेच एका देशाचा नमुना. फोटो थोर आहे, यात वाद नाही. पण त्या थोरवीत तिचा वाटा किती धरला गेला, हे विचारणं न्यायाचं आहे.

मराठीत संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशा या विषयांवर केलेली पुस्तकं या बाजूने पाहण्यासारखी आहेत. वारीत माणूस, वाट आणि देऊळ यांना वेगळं करताच येत नाही. दिवे घाट हा वारकऱ्यांशिवाय नुसता घाट आहे, आणि वारकऱ्याचा थकवा त्या चढाशिवाय कळत नाही. गर्दीच्या बाहेर उभं राहून लांब भिंगाने चेहरे वेचणारा आणि मुक्कामाला सोबत राहणारा, या दोघांच्या फोटोंतला फरक सामान्य वाचकालाही ओळखू येतो.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिलं: अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. या नोंदीचं शीर्षक ‘मराठा लष्करी भूदृश्यं’ असं आहे. किल्ला आणि डोंगर मिळून ती एक नोंद झाली, हे फार समाधानाचं. राजगडाची संजीवनी माची कड्याच्या वळणावर वळण घेत जाते. तटबंदी कुठे संपली आणि कातळ कुठे सुरू झाला ते दुरून सांगता येत नाही. रायगडावर अजून धनगरांची घरं आहेत, ताक आणि पिठलं-भाकरी तिथेच मिळते. गडाच्या फोटोंच्या वह्यांमध्ये ती घरं सहसा नसतात. कोन असा निवडतात की ती बाहेर पडावीत, आणि ओस पडलेला भव्य गड तेवढा उरावा. विजापूरच्या पांढऱ्या आभाळाखालची ती जुनी चौकट इथे विनाकारण चालू राहिली आहे. कासच्या पठारावर उलटं होतं. तिथे फुलांत माणूस बसवायची हौस एवढी की फोटोपायी फुलंच तुडवली गेली आणि वनखात्याला येणाऱ्यांच्या संख्येवर बंधन घालावं लागलं.

जुन्या छायाचित्रांचे मोठे साठे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, दिल्लीत, मुंबईत आहेत आणि त्यांतले पुष्कळसे आता घरबसल्या पाहता येतात. त्यांच्या नोंदींत इमारतीचं नाव असतं, छायाचित्रकाराचं असतं, माणसाच्या जागी ‘स्थानिक’ एवढंच. लंडनच्या सूचीकाराला त्यापलीकडे जाता आलं नाही, त्याला ते ठाऊक असणं शक्यही नव्हतं. मराठी वाचकाला पुष्कळ ठाऊक आहे. पगडी कुठल्या घाटाची, लुगड्याचा काठ कुठल्या मागावरचा, नथ कुठल्या भागातली, गळ्यात तुळशीची माळ आहे की कवड्यांची, हातातलं अवजार पाथरवटाचं की सुताराचं, मागची दीपमाळ आणि बारव कुठल्या गावची, हे फोटो मोठा करून पाहत सांगू शकणारी माणसं गावोगाव आहेत. बरीचशी सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्यापुढे हे फोटो अजून ठेवले गेलेले नाहीत.